आठनळी काकू

काकूंचं खरं नाव होतं हजेरीच्या वहीत, आणि तिथेच ते राहायचं. अख्ख्या रुग्णालयात त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली नव्हती. तळमजल्यावरच्या रक्ततपासणीच्या खोलीत बत्तीस वर्षं काढलेल्या काकूंना सगळे म्हणायचे आठनळी काकू. हे नाव ठेवलं होतं शेजारच्या टेबलावरच्या मोजकेभाऊंनी. मोजकेभाऊ दिवसाला पंधरा-वीस शब्दांच्या वर तोंड उघडत नसत म्हणून त्यांना काकूंनी ते नाव दिलेलं, आणि त्याची परतफेड म्हणून हे. फिट्टंफाट.

काकूंचं काम होतं माणसाच्या अंगात शिरलेल्या बुरशीचा माग रक्तातून काढायचा. बुरशी म्हटलं की आपल्याला शिळ्या पावावरची हिरवी लव आठवते. पण काही बुरश्या मातीत राहतात, धुळीबरोबर नाकातून छातीत उतरतात आणि तिथे बिऱ्हाड करतात. शरीर मग त्यांच्याशी लढायला अँटीबॉडी तयार करतं. त्या आहेत का आणि किती, हे काकू मोजायच्या. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटतं ते घ्यायचं. पहिल्या नळीत ते तसंच दाट, दुसरीत निम्मं पातळ, तिसरीत त्याच्याही निम्मं. असं करत आठव्या नळीत ते एकशे अठ्ठावीस पट पातळ झालेलं असतं. मग प्रत्येक नळीतला एकेक थेंब काळ्या काचेवर ठेवायचा, शेजारी दुधासारख्या पांढऱ्या औषधाचा थेंब. त्या औषधात बुरशीचा अंश लावलेले अगदी बारीक कण असतात. दोन्ही थेंब काडीने एक करायचे आणि काच हातात धरून बाळाला झुलवावं तशी हळूहळू हलवायची. अँटीबॉडी नसल्या तर थेंब दुधासारखाच राहतो. असल्या तर दूध नासल्यासारखे दाणे उमटतात. दाणे ज्या नळीपर्यंत दिसतात, तो त्या माणसाचा आकडा.

पहिल्या नळीत काही दिसो न दिसो, काकू आठही लावायच्या. घाईत असोत, डोकं दुखत असो, आठ म्हणजे आठ. नाव त्यावरूनच पडलं.

दोन महिन्यांपूर्वी मात्र त्यात खंड पडला. पांढऱ्या औषधाच्या बाटल्या वेळेवर येईनात. शिल्लक सहा, आणि पुढची खेप कधी येईल ते कुणी सांगेना. विभागाच्या सरांनी नियम काढला: आधी फक्त पहिली नळी बघायची, ती कोरी निघाली तर "आढळल्या नाहीत" असं लिहून पुढे जायचं. काकूंनी हरकत घेतली. म्हणाल्या, एखाद्या वेळी पहिली नळी खोटं बोलते. सरांनी विचारलं, बत्तीस वर्षांत किती वेळा बोलली? काकूंना थाप मारता येत नसे. त्या म्हणाल्या, तीनदा. सर हसले आणि नियम भिंतीवर चिकटला. काकूंनी आठवडाभर तोंड पाडून तो पाळला आणि मग, जशी कुठल्याही गोष्टीची सवय होते, तशी त्याचीही झाली.

आता विहीणबाईंकडे वळायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते.

काकूंच्या सुनेची आई, म्हणजे काकूंची विहीण, शहराच्या तरणतलावावर पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचं पोर पाण्याखाली असलं तरी दचकायचं. चोपन्नाव्या वर्षीही ती एका दमात पाण्याखालून तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, आणि वर येऊन पहिलं वाक्य कुणाच्या तरी चुकीबद्दल बोलायची. दोघी विहिणींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. काकूंना पाण्याची भीती, आणि विहीणबाईंना नेमकं तेवढंच सापडलेलं. त्या चारचौघांत म्हणायच्या, आमच्या विहीणबाई तोंड धुतानासुद्धा काठ धरून उभ्या राहतात. काकूही काही कमी नव्हत्या. विहीणबाईंनी मागच्या अंगणात अकरा कोंबड्या पाळल्या होत्या. त्यावरून काकू म्हणायच्या, त्यांच्या घरी आपल्याला बोलायची संधी मिळत नाही, आधी बाराजणींचं बोलून व्हायला लागतं.

सोमवारी सून डोळे लाल करून स्वयंपाकघरात आली. आईला तीन आठवडे खोकला होता, ताप येऊन गेला होता, हे तिला माहीत होतं. पण तपासण्या काकूंच्याच रुग्णालयात झाल्या, उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ निघाली आणि शुक्रवारी छाती उघडून फुप्फुसाचा तो भागच काढणार आहेत, हे आईने तिला त्या दिवशी सकाळी फोनवर, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता सांगितलं होतं. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून होती, सुई घालून तुकडा काढणं धोक्याचं होतं. डॉक्टरांना कर्करोगाचा संशय होता.

मंगळवारी संध्याकाळी काकू सुनेबरोबर तिकडे गेल्या. जाताना काय बोलायचं याची मनात दहा वेळा उजळणी केली होती, पण दारातच विहीणबाई म्हणाल्या, "या. एवढं तोंड वाईट करून येऊ नका, अजून आहे मी." आणि चहा ठेवायला आत गेल्या. दोन पायऱ्या चढताना त्यांनी भिंतीला हात लावला. काकूंनी ते पाहिलं. या बाईला भिंत धरताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

चहा झाल्यावर विहीणबाईंनी फाइल काकूंच्या मांडीवर टाकली. तुम्ही आयुष्यभर हेच वाचत आलात, बघा काही कळतंय का, म्हणाल्या. आणि मग, खिडकीकडे बघत, पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाल्या, फुप्फुसाचा एवढा भाग गेला की पाण्याखाली उतरणं संपलं. काठावर खुर्ची टाकून बसलेली मास्तरीण त्यांना व्हायचं नव्हतं.

काकू पानं उलटत होत्या. छातीचे फोटो, क्षयाची तपासणी, साखर, आणि मग एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं, बुरशीविरोधी अँटीबॉडी आढळल्या नाहीत. खाली सही होती. शेपटीला एक बारीक गाठ मारलेली, काकूंची स्वतःची सही.

गेल्या मंगळवारी त्यांनी ही नळी हातात धरली होती. नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पहिली नळी कोरी, पुढे चला.

कागद बरोबरही असू शकत होता, शंभरातले नव्याण्णव बरोबरच असतात. त्या फाइल मिटणार तेवढ्यात विहीणबाईंनी पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली आणि त्यांच्या नडगीवर काकूंना तीन-चार लालसर, तांबूस-जांभळट गाठी दिसल्या. मावळत आलेल्या, पण स्पष्ट.

"हे काय?"

"काही नाही, काठावर आपटलं असेल. ताप होता तेव्हा फार दुखायचं. घोटेही धरले होते."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"छातीच्या डॉक्टरला पाय कशाला दाखवू?"

काकू जागच्या जागी ताठ झाल्या. अशा गाठींबद्दल त्यांनी दोन-तीनदा ऐकलं होतं आणि एकदा त्या पाहिल्याही होत्या. बुरशीविरुद्ध शरीर जेव्हा अगदी जोरात उठतं, तेव्हा कधी कधी नडग्यांवर असं उमटतं. त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप येण्याआधी काय केलं होतं? कुठे गेला होतात? माती उकरली होती का? विहीणबाई म्हणाल्या, माती कसली, खुराड्याची जमीन. जुनं खुराडं मोडून नवीन करायचं होतं, तळाचा वर्षानुवर्षांचा थर कुदळीने फोडून काढला, दोन दिवस नुसती धूळ उडत होती. कोंबड्या शिंकत होत्या.

"आणि तुम्ही?"

"मीही."

काकू उठून उभ्या राहिल्या. सून घाबरली, तिला वाटलं सासूबाईंना काहीतरी होतंय. खरंच होत होतं. काकूंना एकदम सगळं लख्ख दिसत होतं, त्या काळ्या काचेसकट. खोटं बोलणारी पहिली नळी म्हणजे हीच. दाणा जमतो कधी, तर एका अँटीबॉडीने दोन हातांनी दोन कण धरले की. पण अँटीबॉडीच इतक्या झाल्या, की एकेका कणाभोवती वीस-वीस जणींची गर्दी, तर प्रत्येकीच्या वाट्याला कसाबसा एकच कण येतो आणि दुसरा हात रिकामाच राहतो. कुणीच कुणाला जोडत नाही. थेंब दुधासारखा गुळगुळीत राहतो. एकाच ओट्यावर वीस बायका मदतीला आल्या आणि भाजी चिरायची तशीच राहिली, तसं. पातळ करत गेलं, गर्दी पांगली, की मगच खरं काय ते दिसतं. ज्याच्या रक्तात काहीच नाही आणि ज्याच्या रक्तात खच्चून भरलंय, ते दोघेही पहिल्या नळीत सारखेच दिसतात.

त्यांनी कागद विहीणबाईंसमोर धरला आणि म्हणाल्या, "ही सही माझी आहे."

विहीणबाईंनी सही बघितली, मग काकूंकडे बघितलं. "म्हणजे तुमच्या भरवशावर मी शुक्रवारी चिरून घेणार होते?"

"कदाचित. उद्या सांगते."

"उद्या कशाला?"

काकूंनी कपाळाला हात लावला. कारण प्रयोगशाळेला रात्री कुलूप असायचं, उद्या बुधवार होता, आणि दर बुधवारी सकाळी आठला आधीच्या आठवड्याचे सगळे नमुने लाल पिशवीत भरून जाळायला जात.

रात्रभर त्यांना झोप लागली की नाही हे विचारण्यात अर्थ नाही. साडेसहाला त्या घराबाहेर पडल्या. एरवी ज्या चढावर दोनदा थांबायच्या तो एका दमात चढल्या. सात वाजता प्रयोगशाळेच्या दारात पोचल्या तर फ्रिजचा तो कप्पा स्वच्छ, रिकामा, वर ओलं फडकं फिरवलेलं. सफाईच्या आक्कांना दुपारी घरी लवकर जायचं होतं म्हणून त्या आज पहाटेच येऊन कामाला लागल्या होत्या.

काकू धावल्या. छप्पन्नाव्या वर्षी, पदर सांभाळत, लांबलचक बोळातून मागच्या दारापर्यंत धावल्या. गाडा उभा होता, त्यावर तीन लाल पिशव्या, तिन्हींना गाठी. आक्का तिथेच उभ्या राहून तंबाखू मळत होत्या.

त्यांनी पिशवी उघडायला साफ नकार दिला. बांधलेली पिशवी उघडायची नाही हा नियम काकूंनीच त्यांना शिकवला होता, तोही सगळ्यांसमोर झापून, आणि आक्कांनी ते चार वर्षं जपून ठेवलं होतं. काकूंनी ते कबूल केलं. म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, पण आत माझी चूक आहे आणि परवा तिच्यामुळे एका बाईची छाती उघडणार आहेत. आक्कांनी तंबाखू खिशात ठेवली. हातमोज्यांचे दोन जोड काढले, एक काकूंना दिला. दुसऱ्या पिशवीत, चौथ्या खोक्यात, कागदावरचा तो आकडा सापडला. नळीत बोटभर पिवळं पाणी शिल्लक होतं.

मोजकेभाऊ पावणेआठला आले तेव्हा काकूंच्या टेबलावर आठ नव्हे, बारा नळ्या रांगेत उभ्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं, नळ्यांकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. काकूंनी थोडक्यात सांगितलं. रक्त घरच्या माणसाचं, चूक स्वतःची, तेव्हा आपल्या डोळ्यांवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. जिथे दाणे हवेत तिथे त्यांना ते दिसणारच. म्हणून त्यांनी बारा थेंब उलटसुलट क्रमाने काचेवर ठेवले. त्यांतच एक थेंब ठाऊक असलेल्या रोग्याचा आणि एक निरोगी माणसाचा मिसळला. कुठला थेंब कुठला, ते एका कागदावर लिहून तो घडी करून खिशात घातला. काच मोजकेभाऊंच्या हातात दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

काच हलत होती. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. काकूंना भिंतीच्या रंगातली एक पोपडी दिसत होती, ती आयुष्यभर विसरणार नाहीत इतकी नीट दिसत होती.

"आहे," मोजकेभाऊ म्हणाले. काकू लिहीत गेल्या. "आहे. नाही. आहे. धूसर. नाही. आहे. आहे." चौदा थेंबांचे चौदा शब्द. मोजकेभाऊंचा दिवसाचा साठा संपत आला.

काकूंनी खिशातला कागद काढला आणि थेंब क्रमाने लावायला घेतले. निरोगी माणूस: नाही. ठाऊक असलेला रोगी: आहे. म्हणजे औषध ठीक होतं. आता विहीणबाईंचे. पहिली नळी: नाही. दुसरी: नाही. तिसरी: धूसर. चौथी: आहे. पाचवी आहे, सहावी आहे, सातवी आहे, आठवी आहे. नववी. दहावी. अकरावी कोरी, बारावी कोरी. दहाव्या नळीत रक्तातलं पाणी पाचशे बारा पट पातळ झालेलं असतं, आणि तरीही तिथे दाणे होते.

काकूंनी मोजकेभाऊंचा हात धरून गदागदा हलवला. मोजकेभाऊंनी हात सोडवून घेतला, चष्मा पुसला आणि राहिलेले शब्द खर्च केले. "जा आधी वर."

सरांच्या खोलीत काकूंनी काच टेबलावर ठेवली, शेजारी आपली सही असलेला कागद ठेवला. सरांनी दोन्हींकडे पाहिलं. काकूंना वाटलं होतं ते नियमाची बाजू घेतील किंवा सहीकडे बोट दाखवतील. ते उठले, नियमाचा तसाच कागद त्यांच्याही खोलीच्या भिंतीवर होता, तो काढून त्यांनी त्याची घडी केली आणि म्हणाले, "सही तुमची असली तरी नियम माझा. मीही येतो."

छातीचे सर्जन दोन शस्त्रक्रियांच्या मधे बोळात उभे राहून बिस्किट खात होते. त्यांनी आकडा ऐकला, पुन्हा ऐकला. मग स्पष्टच बोलले. एवढ्या अँटीबॉडी आहेत म्हणजे बुरशीने छातीत घर केलेलं आहे, हे खरं. पण ती गाठ बुरशीचीच, असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच छातीत असू शकतात. काकूंचा चेहरा पडला. सर्जनांनी विचारलं, पेशंटचा मातीशी, पक्ष्यांशी काही संबंध? तेव्हा काकूंनी खुराडं, कुदळ, धूळ, ताप, नडग्या सगळं एका श्वासात सांगितलं. सर्जनांनी बिस्किट खाली ठेवलं आणि पेशंटला लगेच बोलवायला सांगितलं.

विहीणबाई तासाभरात आल्या, शिट्टी गळ्यातच. सर्जनांनी नडग्या नीट पाहिल्या.

"कोंबड्यांबद्दल मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही कुठे विचारलंत?" विहीणबाई म्हणाल्या.

शुक्रवारची शस्त्रक्रिया रद्द झाली नाही, पुढे ढकलली गेली. नवं रक्त घेतलं, बुरशीवरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायचा ठरला. गाठ तेवढीच राहिली किंवा वाढली, तर कापायची. लहान झाली तर ती बुरशीचीच. घरी जाताना विहीणबाईंनी काकूंना सांगितलं, सहा आठवड्यांनी ती लहान निघाली तर तुम्हाला पाण्यात उतरावं लागेल. काकू आनंदाच्या भरात हो म्हणून बसल्या.

ते सहा आठवडे काकूंनी मोकळे जाऊ दिले नाहीत. दोन महिन्यांत नियमाने कोरे ठरलेले त्रेचाळीस नमुने होते. रक्त तर जळून गेलेलं, मग त्या आणि मोजकेभाऊ वहीतून माणसं शोधत बसले आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. सदतीस आले. त्यांतल्या एका माळ्याची पहिली नळी तशीच खोटारडी निघाली. आठ नळ्यांना औषध पुरत नाही हेही खरंच होतं, तेव्हा सरांनी आणि काकूंनी मिळून मधला रस्ता काढला: पहिली, चौथी आणि आठवी. गर्दी असेल तर चौथीत पांगलेली सापडतेच. नवा कागद भिंतीवर लागला, तो काकूंच्या अक्षरात. आक्कांनी आपणहून फ्रिजवर एक चिठ्ठी डकवली, की काकूंना विचारल्याशिवाय पिशवी भरायची नाही.

सहाव्या आठवड्यात विहीणबाईंचं रक्त पुन्हा आलं. काकूंनी जुनं, तेव्हा उरलेलं आणि गोठवून ठेवलेलं पाणी बाहेर काढलं आणि दोन्ही शेजारीशेजारी लावली. वेगवेगळ्या दिवशी लावली तर एखाद्या नळीचा फरक हाताचा की आजाराचा ते कळत नाही. एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या औषधाने, एकाच हाताने लावली तरच तुलना खरी. जुनं पुन्हा दहाव्या नळीपर्यंत गेलं. नवं सातवीपर्यंतच गेलं. त्याच दुपारी फोटो आला. सुपारीएवढी गाठ वाटाण्याएवढी झाली होती. सर्जनांनी फाइलवर शस्त्रक्रियेची तारीख खोडली आणि पुन्हा कधी घातली नाही.

रविवारी सकाळी तरणतलावावर गर्दी नव्हती. सून आणि मुलगा काठावर पाय सोडून बसले होते, तमाशा बघायला. काकू पाण्यात छातीपर्यंत उभ्या होत्या, दोन्ही हातांनी काठ असा धरलेला की बोटं पांढरी पडली होती. समोर विहीणबाई. गोळ्या अजून चालू होत्या, लांब पल्ला डॉक्टरांनी महिनाभर मना केला होता, पण आज पहिल्यांदाच त्या पाण्यात उतरल्या होत्या.

"आता तोंड पाण्यात घालायचं," त्या म्हणाल्या. "मी आठ मोजेन, मग वर यायचं."

"आठ फार होतात. तीन पुरेत."

"नाही. आता तुम्हाला तीन कसे चालतील?"

काकूंनी डोळे घट्ट मिटले, नाक दाबलं आणि तोंड पाण्यात घातलं. आतून त्यांना विहीणबाईंचा आवाज ऐकू येत होता, जाड, घुमणारा, पाणी कापत येणारा. एक. दोन. तीन. त्या मोजणीत कुठेही दम लागत नव्हता. पाचला काकूंचा एक हात काठावरून सुटला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.